लेयर बंद केली म्हणजे गेली नाही

आजच्या भागात कॅडमधल्या लेयर्सबद्दल बोलू, आणि ड्रॉइंग दुसऱ्याला पाठवताना त्या लेयर्सचं काय होतं ते बघू. तुम्ही डिप्लोमा करत असाल, फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये असाल किंवा इंटिरियरची कामं घेत असाल, तर हा भाग तुमच्यासाठीच आहे.

मी ड्राफ्ट्समन नाही, सॉफ्टवेअर लिहितो. आमचा प्रोग्राम लेझर कटिंगसाठी आलेली डीएक्सएफ फाईल वाचतो, कापायच्या रेषांची लांबी मोजतो आणि त्यावरून दर काढतो. त्यामुळे लोकांच्या फायलींच्या पोटात काय काय दडलेलं असतं, ते मला रोज दिसतं.

एक किस्सा सांगतो. पत्र्याच्या ब्रॅकेटची एक फाईल होती. बाहेरची आउटलाइन, चार भोकं आणि मधे बेंडची रेषा, म्हणजे जिथून पत्रा वाकवायचा ती. बेंडची रेषा वेगळ्या लेयरवर होती आणि ती लेयर बंद केलेली होती. पाठवणाऱ्याला वाटलं, दिसत नाही म्हणजे जाणार नाही. मशीनवरच्या प्रोग्रामने मात्र सगळ्या लेयर्स उचलल्या. जिथे वाकवायचं तिथेच पत्रा कापला गेला. एका ब्रॅकेटचे दोन तुकडे! पत्रा गेला, मशीनचा वेळ गेला, आणि पैसे कोणी भरायचे यावर वाद झाला तो वेगळाच.

हे का होतं? डीएक्सएफ हा फॉरमॅट १९८२ साली ऑटोकॅडच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आला. एका सॉफ्टवेअरमधलं ड्रॉइंग दुसऱ्यात नेता यावं, हा त्याचा हेतू. ही साधारणपणे साधी टेक्स्ट फाईल असते. फोनवरच्या टेक्स्ट एडिटरमध्येसुद्धा उघडते. आत ओळींच्या जोड्या असतात: आधी एक कोड, खाली त्याची किंमत. ८ हा कोड आला की पुढच्या ओळीत लेयरचं नाव. ६२ म्हणजे रंग. आता गंमत बघा. तुम्ही लेयर बंद करता तेव्हा लेयर्सच्या यादीत तिच्या रंगाच्या आकड्याआधी फक्त वजाचं चिन्ह लागतं. ७ चं उणे ७ होतं. बस्स! तिच्यावरची एकही रेषा फाईलमधून हलत नाही. फ्रीझ केलं तर वेगळी खूण लागते, पण रेषा तशाच राहतात. पुढचा प्रोग्राम ती खूण पाळेल की नाही, हे तुमच्या हातात नाही.

आपली फसगत होते ती पीडीएफच्या सवयीमुळे. पीडीएफ काढताना बंद लेयर छापली जात नाही, म्हणून आपण धरून चालतो की डीएक्सएफचंही तसंच असेल. ऑटोकॅडमधली डेफपॉइंट्स नावाची लेयर तर कधीच प्रिंट होत नाही, म्हणून काहीजण मदतीच्या रेषा तिच्यावर काढतात. त्यासुद्धा डीएक्सएफमध्ये जातात.

ऑफ, फ्रीझ आणि लॉक यांत लोक गोंधळतात, तेही सांगून टाकतो. ऑफ केलेली लेयर दिसत नाही, पण सिलेक्ट करताना ‘ऑल’ टाईप केलंत तर तिच्यावरच्या वस्तूही निवडल्या जातात. मग डिलीट दाबलं की न दिसणाऱ्या वस्तूही गेल्या. फ्रीझ केलेल्या निवडल्या जात नाहीत. लॉक केलेली लेयर दिसते, पण तिच्यावरचं काही बदलता येत नाही. काम करताना एखादी लेयर नजरेआड ठेवायची असेल, तर फ्रीझ जास्त सुरक्षित.

आता पैशांचं बघू. समजा ३०० बाय २०० मिलिमीटरची प्लेट आहे. कापायची लांबी १००० मिलिमीटर. त्याच लेयरवर ए३ कागदाएवढी चौकट राहिली, ४२० बाय २९७ ची, तर तिचे १४३४ मिलिमीटर वाढले. प्रोग्राम एकूण २४३४ मोजणार. त्याला कसं कळणार की ही चौकट फक्त शोभेची आहे? एकावर एक दोन रेषा असतील, तर त्याही दोनदा मोजल्या जातात. त्यासाठी ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल ही कमांड आहे.

म्हणून पहिल्या दिवसापासून लेयर्स कामाप्रमाणे करा: कट, एनग्रेव्ह, बेंड, मापं, चौकट. शून्य नावाच्या लेयरवर सगळं टाकू नका. वस्तूंचा रंग ‘बायलेयर’ ठेवा, कारण काही मशीनची सॉफ्टवेअर्स लेयरचं नाव बघतात, काही फक्त रंग. लेयरला मराठी नाव देता येतं का, असं काहीजण विचारतात. २००७ पासूनच्या डीएक्सएफमध्ये येतं. पण जुन्या आर१२ प्रकारात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि दोन-तीन चिन्हंच चालतात, आणि बऱ्याच मशीनना अजून तोच प्रकार लागतो. तेव्हा फाईल बाहेर जाणार असेल तर नाव इंग्रजी अक्षरांत, छोटं आणि मधे जागा न सोडता द्या.

पाठवायची वेळ आली की एवढं करा. मूळ फाईलला हात लावू नका. सगळ्या लेयर्स चालू करा, फ्रीझही काढा, म्हणजे आत काय आहे ते दिसेल. मग जे कापायचं तेवढंच निवडून डब्ल्यूब्लॉक कमांडने नवीन फाईल काढा. निवडलेल्या वस्तूंना लागणाऱ्या लेयर्सच तिच्यात येतात. नुसतं पर्ज करून भागत नाही, कारण ते फक्त न वापरलेल्या लेयर्स काढतं. लेडेल ही कमांड लेयर तिच्यावरच्या वस्तूंसकट उडवते, म्हणून ती कॉपीवरच वापरा. नवीन फाईल डीएक्सएफ म्हणून सेव्ह करा, बंद करा, परत उघडा आणि लेयर्सची यादी वाचा.

ही यादी वाचायला दोन मिनिटं लागतात. आणि मेसेजमध्ये एक ओळ लिहाच: कोणती लेयर कापायची, कोणती नाही. मशीनवरच्या दादांना तुमच्या मनातलं कळत नाही, त्यांच्यासमोर फक्त फाईल असते. शिवाय बंद लेयरवर तुम्ही ग्राहकाचा दर किंवा स्वतःची टिपणं लिहून ठेवली असतील, तर तीही समोरचा एका क्लिकवर वाचू शकतो.

आज घरी गेल्यावर तुमची शेवटची पाठवलेली डीएक्सएफ उघडा आणि सगळ्या लेयर्स चालू करून बघा. काय सापडलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!