बॅटरीतला बांध
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



पार्किंगमध्ये विजेच्या स्कूटर चार्ज करू द्यायच्या की नाही, यावरून सभेत आवाज चढले. म्हणून मला चार शब्द बोलायला सांगितलंय. मी बँकेतला माणूस. वाचून समजलं तेवढं सांगतो.

आपल्या सातारा-सांगलीकडे शेतीची भांडणं रानाच्या मध्यात होत नाहीत, बांधावर होतात. बॅटरीचंही तसंच. लिथियमचा इलेक्ट्रोड आणि त्याला चिकटून असलेला इलेक्ट्रोलाइट, यांच्या बांधावर खरी कटकट. शुद्ध लिथियम धातू वापरला तर कमी वजनात जास्त वीज साठते. पण चार्ज होताना तो सारखा बसत नाही, सुईसारखे काटे वाढतात. काटा पलीकडे पोचला की शॉर्टसर्किट, आणि आतला द्रव पेट घेणारा! म्हणून १९९१ साली सोनीने बाजारात आणलेल्या बॅटरीत धातूऐवजी कार्बन आला. आपल्या स्कूटरच्या बॅटऱ्या त्याच घराण्यातल्या.

द्रवाऐवजी घन पॉलिमर घालावं, हा विचार फ्रान्सच्या मिशेल आर्मंड यांनी १९७८ साली मांडला. २०११ पासून पॅरिसमध्ये तशा बॅटरीच्या भाड्याच्या मोटारी धावल्याही. पण ते पॉलिमर गरम ठेवावं लागे. थंडपणी त्यातून आयन नीट सरकत नाहीत. शिवाय लिथियम फुगतो-आकसतो, मध्ये फटी पडतात, मऊ पॉलिमरमध्ये काटे घुसतात. म्हणून शास्त्रज्ञ बांध पक्का करताहेत: लिथियमवर अतिपातळ संरक्षक थर, पॉलिमरमध्ये सिरॅमिकची बारीक पूड. थर जाड झाला तर आयन अडतात, कच्चा राहिला तर तडकतो. अवघड आहे ते एवढंच.

बाजारातल्या बहुतेक ‘लिथियम पॉलिमर’ बॅटऱ्यांत अजून द्रव किंवा जेलच असतं. तेव्हा नाव वाचून निर्धास्त होऊ नका. चार्जर कंपनीचाच वापरा. पॉइंटला वेगळा एमसीबी हवा. जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंग नको. फुगलेली, आपटलेली बॅटरी लावू नका. सांगलीकरांना पूर नवा नाही. पाण्यात बुडालेली बॅटरी वाळवून पुन्हा चार्जिंगला लावू नका, सर्व्हिस सेंटरला दाखवा.

एवढं पाळणार असू तर चार्जिंगला परवानगी द्यावी, असं माझं मत आहे. वार्षिक सभेत तसा ठराव व्हावा.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.