बंदी आणि भूमिगत खाणी

खाण म्हटली की जमिनीत खणलेला खड्डा डोळ्यांपुढे उभा राहतो. बिटकॉइन या आभासी चलनाच्या खाणीत माती नसते. तेथे रात्रंदिवस घोंगावणारी संगणकयंत्रे असतात. व्यवहारांच्या सामाईक वहीत नवे पान जोडण्यासाठी ही यंत्रे कोट्यवधी अंदाज करून पाहतात. ज्याचा अंदाज प्रथम जुळतो, त्याला नवी नाणी मिळतात. या उद्योगाचा कच्चा माल म्हणजे वीज.

ही वीज चीनमध्ये स्वस्त होती : पावसाळ्यात सिच्वानमधील धरणांची, एरवी शिन्च्यांग आणि अंतर्गत मंगोलियातील कोळशाची. केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजानुसार सप्टेंबर २०१९ मध्ये जगातील बिटकॉइनच्या गणनशक्तीचा सुमारे पाऊण हिस्सा एकट्या चीनमध्ये होता. मे २०२१ मध्ये चिनी शासनाने या उद्योगाविरुद्ध मोहीम जाहीर केली. जूनमध्ये सिच्वान प्रांताने २६ खाणी बंद करण्याचा आदेश दिला. लवकरच जगातील गणनशक्ती जवळजवळ निम्म्यावर आली.

परंतु या चलनाच्या रचनेतच बंदीला दिलेले एक उत्तर दडलेले आहे. दर २,०१६ पाने जोडली गेली, म्हणजे साधारण दोन आठवडे उलटले, की कोड्याची काठिण्यपातळी आपोआप बदलते. यंत्रे कमी झाली की कोडे सोपे होते. ३ जुलै २०२१ रोजी ही पातळी सुमारे २८ टक्क्यांनी उतरली. परिणामी, जी यंत्रे चालू राहिली त्यांची कमाई वाढली. बंदीने धोका वाढविला, तसाच तो पत्करणाऱ्याचा मोबदलाही वाढविला.

अनेक यंत्रे अमेरिकेत व कझाकस्तानात गेली. कझाकस्तानात विजेची टंचाई निर्माण झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये खाणींचा पुरवठा तोडावा लागला. चीनमध्येही सारे संपले नव्हते. केंब्रिजच्या नोंदींत जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये चीनचा वाटा शून्य दिसतो. सप्टेंबरमध्ये तो पुन्हा २० टक्क्यांवर जातो. एवढा उद्योग महिन्याभरात उभा राहत नाही. तो बहुधा तेथेच होता. आपला ठावठिकाणा लपवून, लहान लहान जागी विखुरलेला.

मोठ्या खाणी उघड होत्या, तेव्हा त्यांची वीज मोजता येत होती आणि तिच्यावर आकारणी करता येत होती. बंदीनंतर जे उरले, त्याचा हिशेब कोणत्याही शासकीय वहीत राहिला नाही. बंदीच्या यशाचे मोजमाप करताना ही कोरी राहिलेली पानेही विचारात घ्यावी लागतात.