वाचनालयाच्या पायऱ्या
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



पोलीस ठाणं, कोर्ट, रेशन दुकान यांबद्दल आपण पुष्कळ बोललो. मला गावातल्या वाचनालयाबद्दल बोलायचंय. 'त्यात काय एवढं?' असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. तरी ऐका.

रत्नागिरीचं वाचनालय 1828 सालचं. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं 1832 मध्ये, म्हणजे वाचनालय त्याहून जुनं. नाशिकचं 1840 चं, कोल्हापूरचं 1850 चं. अशा बऱ्याच संस्थांचं नाव तेव्हा 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' असायचं. जनरल, म्हणजे सर्वांचं! आणि फुले पतिपत्नींनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली 1848 साली. मधल्या वीस वर्षांत 'सर्वां'मध्ये कोण बसत होतं ते तुम्हीच ओळखा. सार्वजनिक तळ्याचं पाणी प्यायला महाडला 1927 मध्ये सत्याग्रह करावा लागला. 'सार्वजनिक' हा शब्द आपल्याकडे भांडूनच रुंद झालाय.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' 1882 मध्ये छापून आलं. ते पुन्हा लोकांसमोर आलं 1975 मध्ये, स. गं. मालशे यांनी परत प्रसिद्ध केल्यावर. 93 वर्षं! कुठली पुस्तकं कपाटात राहतात आणि कुठली विसरली जातात, हा कपाटाच्या किल्लीचाही प्रश्न असतो.

आता इमारत बघा. कामानिमित्त मी तालुक्याच्या गावांत फिरते, तेव्हा जुनं वाचनालय आवर्जून पाहते. उंच जोतं, दगडी पायऱ्या, पुढे प्रशस्त ओसरी, उतरतं कौलारू छप्पर, हवेसाठी मोठ्या खिडक्या. इमारती देखण्या आहेत, पाडून तिथे गाळे काढायला माझा विरोधच आहे. पण ओसरीवर वर्तमानपत्रांची टेबलं, भोवती पुरुष. आत जायचं तर त्या सगळ्या नजरांमधून. आत देणगीदारांच्या तसबिरी, काचेची कुलूपबंद कपाटं. पुस्तक हवं तर नाव सांगून मागायचं. नवऱ्याकडून मार खाणारी बाई कायद्याचं पुस्तक त्या खिडकीशी मोठ्याने मागेल का? आणि बाईसाठी मुतारी नाही. कुठल्याही ठरावात न लिहिलेली ही प्रवेशबंदी.

हे असंच असायला हवं होतं असं नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं. गावाने वर्गणी जमवली की तेवढाच वाटा सरकारचा आणि तेवढाच प्रांत पंचायतीचा. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या जायच्या. स्त्रियांसाठी वेगळं ग्रंथालय, त्यावर बाईच ग्रंथपाल. मध्यवर्ती ग्रंथालयात लोखंडी मांडण्या आणि मजल्यांना जाड काच, खालपर्यंत उजेड जावा म्हणून. संस्थानिकाचं कौतुक करायला मी उभी नाही. पण 'वेगळं' करताना निदान बायका येणार हे गृहीत धरलं होतं.

आपल्याकडे 1967 चा ग्रंथालय कायदा आहे. त्यात ग्रंथालय कर नाही. गावोगावची वाचनालयं चालवतात नोंदणीकृत संस्था. सरकार अ, ब, क, ड असे वर्ग ठरवून अनुदान देतं, बाकी वर्गणी आणि अनामत. इथेच आपली फट आहे. अनुदान म्हणजे आपलाही पैसा, आणि कार्यकारी मंडळ निवडतात सभासद. आपण सभासद किती जणी आहोत? घरी नवऱ्याच्या कार्डावर मासिक येतं, तेवढ्याने मत मिळत नाही.

म्हणून परत गेल्यावर दहा जणींनी मिळून जा. एकटी नको. संस्थेची घटना मागा, सभासदाला मताचा हक्क कधीपासून ते त्यात वाचा. स्वतःच्या नावाने पावती घ्या. वार्षिक सभेची नोटीस बहुधा फळ्यावर लागते, तिच्यावर लक्ष ठेवा. पहिली मागणी संडास-मुतारीची लेखी द्या आणि पोच घ्या. दुसरी, उघडी कपाटं. ओसरीवरची टेबलं हलवायला सांगू नका. तिथल्या खुर्च्यांवर आपणच जाऊन बसायचं, पेपर वाचत, सहाच्या सुमाराला, गर्दी असते तेव्हा.