नकाशात आपण कुठे?

(देवरी येथे महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, शहर आखणीचा विषय निघाला की शिकलेली मंडळी ग्रीसच्या हिप्पोडॅमसपासून सुरुवात करतात. इसवीसनपूर्व पाचव्या शतकात त्यानं अथेन्सचं बंदर पिरीयस आखलं. जमिनीचे तीन वाटे करावेत, असं तो म्हणे: देवाचा, सार्वजनिक आणि खाजगी. ॲरिस्टॉटलनं हे नोंदवून ठेवलंय.

प्रिएने नावाचं गाव तर डोंगरउतारावर. तरी रस्ते सरळ, काटकोनात, चढावर पायऱ्या. बाजारचौकाजवळ सभागृह, सहाएकशे माणसं बसतील असं. माणसं म्हणजे पुरुषच हो! बायकांना मत नव्हतं. ऑलिंथसच्या घरांत पुरुषांच्या मेजवानीची वेगळी खोली सापडते, तीही फरशी सजवलेली. बाई दिसते ती पाणवठ्यावर. अथेन्सच्या चित्रांच्या मडक्यांवर डोक्यावर घागर घेतलेल्या बायांची रांग आहे. अडीच हजार वर्षं झाली, रांग ओळखीची वाटते ना?

लांब कशाला, आपल्या वैनगंगेकाठी पवनी आहे. तीन बाजूंना मातीचा तट, चौथीला नदी. १९६९-७० साली तिथे उत्खनन झालं, स्तूप निघाले. तिथल्या दगडांवर दान देणाऱ्यांच्या नावांत बायाही आहेत. दान बाईचं चालत होतं.

आता आपलं गाव. देवरीत नगरपंचायत आहे आणि निम्म्या जागा बायकांच्या. पण नकाशा? एम.एस.डब्ल्यू. करताना मला बचत गट शिकवले, नकाशा वाचायला कुणी शिकवलं नाही. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार आधी आजच्या जमीनवापराचा नकाशा होतो, मग विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि ठरलेल्या मुदतीत कुणीही लेखी हरकत घेऊ शकतं. मुदत टळली की बसा बोंबलत.

बाजाराच्या दिवशी भाजी विकणारी बाई दिवसभर पाणी पीत नाही. का, ते तुम्हाला सांगायला नको. महामार्गावर अंधारात एसटीची वाट पाहणारी मुलगी, पाळणाघर नाही म्हणून बाळाला कामावर नेणारी बाई. आराखड्यात मुतारीला, पाळणाघराला जागा राखून ठेवलेली नसेल, तर उद्या पैसा आला तरी बांधणार कुठे?

तेव्हा पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीनं आपल्या वॉर्डात फिरून नळ, दिवे, अंधारे कोपरे कागदावर मांडायचे. चित्र वाकडं आलं तरी चालेल. पट्टी आणि रंगीत पेन्सिली मी आणते.