परतीची गाडी आधी बघा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि समोर टेबलावर घड्याळ ठेवलं आहे. एसटीत तेहतीस वर्षं काढलेल्या माणसापुढे घड्याळ ठेवायची गरज नव्हती, पण तो विश्वास शाळेत असतानाही कुणी माझ्यावर दाखवला नव्हता.

पुढच्या जानेवारीत आपली बॅच क्रूझने जायचं म्हणते आहे. ग्रुपवर रोज त्याचीच चर्चा. जेवण काय असेल, खोलीला खिडकी मिळेल का, समुद्र लागतो का. एक प्रश्न मात्र अजून कुणी विचारलेला नाही. जहाज बंदराला लागल्यावर मधला जो एक दिवस मिळतो, त्याचं काय करायचं? जहाजवाल्यांच्या बसने जायचं की आपलं आपण? दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही तीन वर्गमित्र, त्यातले दोघे सपत्नीक, मुंबईहून कोचीला गेलो होतो आणि तिथला दिवस आम्ही आपलाआपण आखला होता. त्याबद्दल सांग, असं मला सांगण्यात आलं आहे.

त्या तिघांत एक मी. दुसरा बँकेतून निवृत्त झालेला, त्याला आपण शाळेत काय म्हणायचो ते इथे सांगत नाही, नातवंडं बसली आहेत. तिसरा आपला पंचवटीतला वैद्य. तो पहिल्या रांगेत बसला आहे. त्याच्याबद्दल जे सांगणार आहे ते त्याला आणि वहिनींना विचारूनच सांगतो आहे. काल रात्री तो मला म्हणाला, "सांग, पण मीठमसाला लावू नकोस."

मी जुन्या सीबीएसवर वाहतूक नियंत्रक होतो. त्र्यंबकच्या गाड्या तिथून सुटायच्या. ब्रह्मगिरी चढायला निघालेली माणसं सकाळी खिडकीशी येऊन विचारायची, पहिली गाडी कधी? शेवटची परत कधी निघते, हे जाताना विचारणारा शंभरात एखादा. संध्याकाळी त्र्यंबकहून फोन यायचा, इथे बारा माणसं राहिली आहेत, काय करू? तेव्हापासून माझी सवय आहे. कुठेही जायचं तर मी वेळापत्रक खालून वर वाचतो.

बंदरावरचा दिवस तसाच आखायचा. जहाज कधी लागणार, हा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो आणि तो जवळजवळ निरुपयोगी असतो. लागल्यावर दोर बांधणं, तपासणी, उतरायची रांग, यात पाऊण तास सहज जातो. आकडा शोधायचा तो सगळ्यांनी जहाजावर परत असण्याचा. जहाज सुटायची वेळ वेगळी, परत येण्याची वेळ वेगळी, आणि दुसरी पहिलीच्या बरीच आधी असते. आमच्या वेळी ती दुपारी चारची होती. त्यातून मी दीड तास वजा केला. म्हणजे अडीचला आमची शेवटची गाडी. बँकवाल्याने हिशोब केला, बंदर ते मट्टनचेरी टॅक्सीने पंचवीस मिनिटं, मग दीड तास कशाला? मी म्हटलं, पंचवीस मिनिटं गाडीला लागतात, पासष्टीच्या पाच माणसांना किती लागतात ते तू मला सांग.

आणि हे नीट ऐका. जहाजाने काढलेली सहल उशिरा आली तर जहाज तिची वाट बघतं, कारण ती त्यांचीच माणसं. तुम्ही स्वतःहून गेलात आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं. सामान वर, गोळ्या वर, आणि तुम्ही धक्क्यावर. पुढचं बंदर स्वतःच्या खर्चाने गाठायचं. म्हणून दिवसभराची औषधं जवळच्या पिशवीत, ओळखपत्र आणि जहाजाचं कार्ड खिशात. आपल्यातले काही जण पुढे परदेशी क्रूझचंही म्हणत आहेत, त्यांनी मनगटावरचं घड्याळ जहाजाच्या घड्याळाशी लावून घ्यावं. मोबाईल स्वतःच्या मनाने तिथली वेळ दाखवतो, आणि दुबई आपल्या दीड तास मागे आहे. कुठली वेळ धरायची ते उतरण्यापूर्वी विचारा.

आता कोची. जहाज लागतं ते विलिंग्डन बेटावर. हे बेट बरंचसं माणसाने केलेलं. रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनिअरने बंदर खोल करताना जो गाळ काढला, त्याच्यावर ते उभं राहिलं. तिथून बघण्याच्या जागा दोन बाजूंना. फोर्ट कोचीला चिनी जाळी आणि सेंट फ्रान्सिस चर्च, जिथे वास्को द गामाला १५२४ मध्ये आधी पुरलं होतं. मट्टनचेरीला राजवाडा, ज्यूंचं सिनेगॉग, मसाल्याची दुकानं. आमच्या हातात एका प्रवासी एजंटने दिलेला कागद होता. त्यावर सात ठिकाणं, प्रत्येकी तीस मिनिटं. आपल्याकडे शिर्डीहून आलेल्यांना रिक्षावाले दोन तासांत काळाराम, सीतागुंफा, रामकुंड, तपोवन, मुक्तिधाम करून देतात, त्यातलाच प्रकार. ती माणसं काय बघून जातात ते आपण नाशिककरांनी जन्मभर बघितलं आहे.

त्यात आमचा वार होता शुक्रवार. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. सिनेगॉग शुक्रवारी दुपारनंतर बंद, शनिवारी पूर्ण बंद. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांना लोक शनवार तेली म्हणायचे, ते शनिवारी घाणा चालवायचे नाहीत म्हणून. तोच शब्बाथ. आणि केरळातली देवळं दुपारी बंद होतात ती थेट संध्याकाळी उघडतात. म्हणजे कागदावरच्या सातांपैकी एक आमच्यासाठी उघडणारच नव्हतं आणि बाकीच्यांचा क्रम उलटा लावलेला होता. एवढं घरबसल्या कळत होतं. वार आणि जेवणाची सुट्टी, एवढ्या दोनच गोष्टी बघायच्या होत्या.

मग ठरवायला बसलो आणि भांडण झालं. बँकवाल्याला चिनी जाळी हवी होती. वैद्याला चेरलाय. चेरलाय म्हणजे मट्टनचेरीतला कोंकणी लोकांचा भाग. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेली सारस्वत कुटुंबं तिथे वसली. त्यांचं तिरुमल देवस्वम तिथेच. वैद्याला तिथे जायचं होतं ते देवासाठी कमी आणि एका पुस्तकासाठी जास्त. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' नावाचा ग्रंथ तयार करवला. बारा खंड, ॲमस्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ या काळात छापलेले. त्या कामात इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य होता आणि तीन कोंकणी होते, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्या तिघांचं १६७५ सालचं पत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलं आहे. वैद्य म्हणायचा, आपली अक्षरं साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडात छापली गेली, ती लिहिणाऱ्यांची माणसं आजही तिथे राहतात, आणि मी जाळी बघू?

तोडगा नकाशाने काढला. कोचीच्या बंदरात शिरताना जहाज फोर्ट कोची आणि वायपिन यांच्या मधूनच जातं. म्हणजे सकाळी लवकर उठून डेकवर उभं राहिलं की चिनी जाळी फुकटात दिसतात. बँकवाला पहाटे स्वेटर घालून उभा होता. त्याने इतके फोटो काढले की उतरेपर्यंत बॅटरी निम्मी. पण फोर्ट कोची यादीतून गेलं आणि दिवस मोकळा झाला. तुम्हीही आधी बघा, काय जहाजावरूनच दिसतं आहे.

कोचीत २०२३ पासून वॉटर मेट्रो आहे, साध्या बोटीही आहेत, आणि धडधाकट माणसाने बोटीनेच फिरावं. आम्ही टॅक्सी केली, कारण बोटीत चढ-उतार आणि वैद्याचे गुडघे. अर्धा दिवस ठरवली, पैसे शेवटी द्यायचे, ड्रायव्हरचा नंबर पाचही जणांकडे.

उतरण्यापूर्वी मी एक केलं, त्यावर सगळे हसले. पाच कागदी चिठ्ठ्या लिहिल्या. जहाजाचं नाव, धक्क्याचं नाव, 'दुपारी चारच्या आत' आणि माझा मोबाईल नंबर. इंग्रजीत आणि मराठीत. ज्याच्या त्याच्या खिशात ठेवल्या. सौ. म्हणाली, बालवाडीची सहल आहे का?

खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. निघायच्या आधी वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की गेलं वर्षभर वैद्याला नावं आठवत नाहीत. कधी रस्ता चुकतो. एकदा रविवार कारंज्यावर उभा राहून घरी फोन केला, मी कुठे आहे? रविवार कारंज्यावर, ज्याने तिथे पन्नास वर्षं काष्ठौषधी घेतली त्याने. मुलाचं म्हणणं होतं, जायचंच असेल तर जहाजाच्या बसने जा, मोजून नेतात, मोजून आणतात. त्याचं चूक नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बसमधून त्यांना चेरलाय दिसणार नाही. आणि पुढच्या वर्षी त्यांना ते हवं होतं हे तरी आठवेल का?"

तर सकाळी आधी देऊळ. वैद्य तिथल्या माणसांशी मराठीत बोलत होता, ते कोंकणीत उत्तर देत होते, आणि दोन्ही बाजूंना निम्मं कळत होतं. त्या तीन भटांची नावं त्याने न अडखळता सांगितली. मग सिनेगॉग. १५६८ सालचं. तिथे चपला काढाव्या लागतात आणि जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या फरश्या आहेत. आत थंड होतं. मग जेवण, मग ज्यू टाऊनच्या गल्लीत मसाल्याची दुकानं. बायका वेलदोड्याचा भाव करत होत्या. मी दुकानात, बँकवाला चार्जर शोधत, आणि प्रत्येकाला वाटलं वैद्य दुसऱ्याबरोबर आहे.

दोन वाजून दहा मिनिटांनी लक्षात आलं, तो कुणाबरोबरच नाही.

फोन वाजत होता तो वहिनींच्या पर्समध्ये. त्याचा फोन त्यांच्याकडेच होता. गल्ली दोनदा पालथी घातली. सिनेगॉग बंद झालं होतं. वहिनी काही बोलत नव्हत्या, दुकानाच्या पायरीवर बसून होत्या. अडीच वाजले, म्हणजे आमची शेवटची गाडी सुटली. मी मनात दुसरं वेळापत्रक मांडलं. तीनपर्यंत सापडला नाही तर बँकवाला आणि सौ. जहाजावर जातील, मी आणि वहिनी राहू, पोलीस चौकी, मग हॉटेल, मग रेल्वे. हे सगळं सुचतं तेव्हा डोकं शांत असतं असं नाही. हात थरथरत होते.

दोन पन्नासला अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचे गृहस्थ कोंकणीत भराभर बोलत होते. मला 'हांगा आसा' एवढं समजलं. फोन ड्रायव्हरकडे दिला. तो म्हणाला, चेरलाय, देवळाजवळ.

वैद्य एका घराच्या ओट्यावर बसून चहा पीत होता. चालत परत गेला होता, त्या गुडघ्यांनी. का, ते त्याला सांगता आलं नाही. त्या गृहस्थांनी विचारलं, कुठे उतरलात? याला जहाजाचं नाव आठवेना, तेव्हा त्यानेच सदऱ्याच्या खिशातली चिठ्ठी काढून दिली. मला बघून म्हणाला, "बस, चहा घे. हे आपल्यातलेच." मी उभ्याउभ्याच घेतला. नाही म्हणायचा तो क्षण नव्हता, वेळ नसली तरी.

तीन दहाला निघालो. तोप्पुंपडीच्या पुलाआधी गाड्यांची रांग होती, ती मी जन्मात विसरणार नाही. तीन चाळीसला धक्क्याच्या फाटकात. वीस मिनिटं शिल्लक. बँकवाल्याने दीड तासाबद्दल पुन्हा कधी तोंड उघडलं नाही.

रात्री डेकवर वैद्याने मला विचारलं, आपण आज कुठे गेलो होतो रे? मी सांगितलं. तो म्हणाला, ते चेरलाय माहीत आहे, देवळात गेलो, ओट्यावर बसलो. त्याच्या मधलं विचारतोय.

घरी आल्यावर त्याच्या मुलाला मी सगळं खरं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, काका, पुढच्या वेळी मी येतो बरोबर. जानेवारीच्या यादीत त्याचं नाव सत्ताविसावं आहे. बापाचं सव्विसावं.

आपल्या जहाजाचा मधला थांबा लक्षद्वीपला ठरला तर जहाज लांब उभं राहील आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतील. तिथे बोटींच्या फेऱ्यांचा वेळ दोन्हीकडून धरावा लागेल, आणि समुद्र खवळलेला असेल तर उतरताच येणार नाही, याची तयारी ठेवा. गोव्याला लागलं तर मुरगावच्या धक्क्यावरून जुनं गोवं आणि मंगेशी एका दिवसात होतं, पण त्यात पणजी घालू नका. वार कळला की क्रम मी लावून देईन.

चिठ्ठ्या छापून आणल्या आहेत. जहाजाचं नाव आणि वेळ मोकळी सोडली आहे, ती ज्याने त्याने हाताने लिहायची. दाराशी टेबलावर गठ्ठा आहे, बाहेर जाताना माणशी दोन घ्या. एक खिशात, एक नवऱ्याच्या किंवा बायकोच्या पर्समध्ये. चार मिनिटं उरली आहेत, ती मी बाईंना देतो.