वरसावे नाका, पाऊस आणि अभ्यासाची वही

बर्फाच्या प्रदेशात हिवाळा माणसाचा दिवस गिळतो, तसा आपल्या वरसाव्यात पावसाळा गिळतो. घोडबंदर रस्ता इथेच मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो आणि लगेच लागतो वसई खाडीवरचा पूल. एक ट्रक बंद पडला की रांग लागलीच. 2023 साली नवा पूल सुरू झाला, तरी जोराच्या सरीत नाका तुंबतोच.

मग नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्यांनी काय करावं? आदल्या रात्रीच हवामान खात्याचा इशारा बघा. 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पाऊस मुसळधार मानतात, 204.5 आणि त्यावर अत्यंत मुसळधार. भरतीची वेळही बघून ठेवा. खाडी भरलेली असली की सखल भागातलं पाणी लवकर ओसरत नाही. अशा दिवशी घरून काम मागायला संकोच कसला?

तरीही अडकलात, तर? परवा बसमध्ये शेजारी एक मुलगी होती. धुतलेल्या दुधाच्या पिशवीतून तिनं छोटी वही काढली. काचेतून पाणी झिरपत होतं, गाडी जागची हलत नव्हती. तिचे ओठ मात्र हलत होते. पूल ओलांडेपर्यंत तिची चार पानं पाठ झाली होती.