गाणारी बाई : रंगमंचावर आणि पडद्यावर

(नागपुरातील महिला गटांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगीत नाटक आणि त्यावरून निघालेला चित्रपट, या विषयावर स्त्री संघटनांच्या अभ्यासवर्गात बोलायचे म्हणजे काहींना नवल वाटेल. पाणी, रेशन, मारहाण, पोटगी एवढे प्रश्न समोर असताना नाट्यसंगीताची चर्चा कशाला? पण मागच्या बैठकीत ‘कट्यार काळजात घुसली’वरून आपल्यात जो वाद झाला, तो निव्वळ आवडीनिवडीचा नव्हता. म्हणूनच तो पुढे न्यावा असे मला वाटले.

त्या वादात तीन बाजू होत्या. काही ज्येष्ठ मैत्रिणींचे म्हणणे, चित्रपटाने नाटकाची माती केली. पदे कापली, नवी गाणी घुसडली, सगळा भपका केला. तरुण मुलींचे म्हणणे, चित्रपट आला म्हणून तर आम्ही नाट्यसंगीत ऐकले, नाहीतर आमच्या घरी ते कोण लावणार होते? तिसरी बाजू वस्तीतल्या मैत्रिणींची. त्या म्हणाल्या, राजे, दरबार आणि पंडित यांच्या गोष्टीत आमचे काय आहे? ते नाटक आमचे नव्हते आणि सिनेमाही आमचा नाही.

मला तिन्ही म्हणण्यांत तथ्य दिसते. पण ‘मूळ कलाकृतीशी इमान राखले का’ या एकाच प्रश्नाभोवती आपण फिरत राहिलो, तर आपल्या कामाचा प्रश्न बाजूलाच राहील. तो असा : एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना त्या गोष्टीतल्या बाईचे काय झाले? आणि ती भूमिका करणाऱ्या, गाणाऱ्या बाईचे काय झाले?

‘कट्यार’पासूनच सुरुवात करू, कारण ते आपल्या गावचे नाटक आहे. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, आपले दारव्हेकर मास्तर, नागपूरचे; इथल्या रंजन कला मंदिराचे. १९६७ साली नाट्यसंपदेने हे नाटक रंगमंचावर आणले. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे. खाँसाहेब आफताब हुसेन साकारले वसंतराव देशपांडे यांनी, आणि तेही नागपुरात वाढलेले. झरिनाची भूमिका फैय्याज यांनी केली. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रपट आला. सचिन पिळगांवकर खाँसाहेब झाले, शंकर महादेवन पंडितजी. महेश काळे यांना या चित्रपटातील गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चित्रपट गाजला, आणि गायन शिकवणाऱ्या बाईंकडे नाट्यगीते मागणाऱ्या मुली वाढल्या हे मी स्वतः पाहिले आहे. तेव्हा तरुण मुलींचे म्हणणे खोटे नाही.

आता गोष्टीतल्या बायका पाहा. पंडितजींची मुलगी उमा, खाँसाहेबांची मुलगी झरिना. दोघी सुरांत वाढलेल्या. पण विद्येचा वारसदार कोण? पंडितजींचा शिष्य सदाशिव. त्याला खाँसाहेबांचे गाणे मिळावे म्हणून दोघी मुली धडपडतात. कट्यार एका पुरुषाच्या कमरेवरून दुसऱ्याच्या कमरेवर जाते, आणि बाई दार उघडून देते. ही गोष्ट नाटकात होती आणि चित्रपटातही आहे. त्यामुळे ‘नाटक थोर, चित्रपट उथळ’ असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

चित्रपटाने पूर्वकथा मात्र पडद्यावर विस्ताराने उभी केली आणि तिथे खाँसाहेबांची बायको नबिला ठळकपणे पुढे आली. नवऱ्याची वर्षानुवर्षांची हार सहन न होऊन ती पंडितजींच्या खाण्यात शेंदूर मिसळते आणि त्यांचा आवाज जातो. म्हणजे स्पर्धा दोन पुरुषांची, अहंकार पुरुषाचा, बक्षीस दरबाराचे. पाप मात्र बाईच्या पदरात. खाँसाहेबांना त्याचा पत्ताही नसतो. आपल्या गटातल्या एका मुस्लिम मैत्रिणीने यावर शांतपणे विचारले होते, “खलनायक हवाच असेल तर दरवेळी आमच्याच घरातला का, आणि त्यातही घरातली बाईच का?” त्या प्रश्नाला त्या दिवशी आपण उत्तर दिले नाही, विषय गाण्यांकडे वळवला. या चर्चेचा खरा मुद्दा मात्र तोच आहे. शेवटी सुरांना धर्म नसतो असे सांगणारी गोष्टसुद्धा वाटेत कोणाला दोषी ठरवते, हे पाहायला आपण शिकले पाहिजे.

दुसरा मुद्दा गाण्याचा. संगीत नाटकात पद सुरू झाले की कथा थांबते. पात्र पुढे येते आणि मन मोकळे करते. ‘वन्स मोअर’ मिळाला तर पुन्हा गाते. एरवी घरात, पंचायतीत, सभेत जिला दोन वाक्येही पुरी करू देत नाहीत, त्या बाईला इथे दहा मिनिटे कोणी अडवत नाही. चित्रपटात गाणे चार मिनिटांचे. त्यातही कॅमेरा कधी तिच्या दागिन्यांवर, कधी डोंगरावर, कधी ऐकणाऱ्या नायकावर. गटातल्या एक आजी म्हणाल्या, “नाटकात बाई गाते तवा लोक आयकते. सिनेमात बाई गाते तवा लोक पायते.” दर चित्रपटाला हे लागू पडेल असे नाही, पण ही कसोटी जवळ ठेवण्यासारखी आहे.

याला जोडून रोजगाराचा प्रश्न येतो. रंगमंचावर जिची भूमिका तिचाच गळा लागतो. म्हणून गळा असलेल्या बाईला रूप आणि वय यांच्या पलीकडे जाऊन नायिका होता आले. जयमाला शिलेदार आणि त्यांच्या कन्या कीर्ती शिलेदार यांनी आयुष्यभर संगीत नाटक जगवले. कीर्तीताई २०१८ मध्ये नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षही झाल्या. पार्श्वगायन आले तेव्हा चेहरा एकीचा आणि आवाज दुसरीचा अशी वाटणी झाली. एकीच्या वयावर बाजाराची नजर, आणि दुसरी पडद्यामागे.

पण म्हणून नाटकाचा सगळाच इतिहास स्त्रियांच्या बाजूचा होता असे समजू नका. १९११ मध्ये खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ आले तेव्हा भामिनी कोण होती? बालगंधर्व. बाईने कसे बोलावे, कसे लाजावे, कसा पदर घ्यावा हे एका पुरुषाने दाखवले आणि घरोघरच्या बायकांनी त्याचे अनुकरण केले. पडद्यावरही सुरुवात तशीच झाली. १९१३ साली फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले अण्णा साळुंखे. पण त्याच वर्षी त्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. मोठ्या नाटक कंपन्यांत त्यानंतरही कित्येक वर्षे पुरुषच स्त्रिया होत होते. १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकरांनी आपल्या भावंडांसह नूतन संगीत नाटक मंडळी काढली आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आल्या. १९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’ या चित्रपटात खुद्द बालगंधर्व मीराबाई झाले, पण रंगमंचावरची ती जादू पडद्यावर चालली नाही. कॅमेरा जवळ आला की प्रेक्षकाला बाईच्या जागी बाईच हवी असते. तेवढे श्रेय चित्रपटाला दिलेच पाहिजे.

या स्त्रियांनी त्याची किंमतही मोजली. बाई रंगमंचावर आली की तिचे कूळ विचारले जाई. १९४२ मध्ये मो. ग. रांगणेकरांनी ‘कुलवधू’ लिहिले. त्यातली भानुमती चित्रपटात काम करून नाव मिळवते आणि नवऱ्याचा मान दुखावतो. ज्योत्स्ना भोळे यांनी ती भूमिका गाजवली. बाईच्या कमाईने आणि कीर्तीने घर का हलते, हा प्रश्न ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी एका संगीत नाटकाने विचारला होता. आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या किती जणींची तक्रार आजही तीच असते!

‘मानापमान’वर जानेवारी २०२५ मध्ये चित्रपट आला. भामिनी झाली वैदेही परशुरामी, एक स्त्री. शंभराहून अधिक वर्षांनी बदललेली ही गोष्ट लहान नाही. भामिनी श्रीमंतीच्या तोऱ्यात गरीब सेनापती धैर्यधराचा अपमान करते आणि पुढे वनमालेच्या वेषात त्याला जवळून पारखते. कोणी म्हणेल, गर्विष्ठ मुलीला ताळ्यावर आणण्याची ही जुनीच गोष्ट. मी म्हणेन, नवरा स्वतः पारखून घेण्याचा हक्क बजावणारी ही मुलगी आहे. दोन्ही वाचने होऊ शकतात. भामिनीच्या तोंडी काय राहिले आणि काय गेले, हे आपण नाटकाची संहिता शेजारी ठेवून पाहावे.

आणखी एक चित्रपट सांगते. तो नाटकावरचा नाही, पण नाटकातल्या गायकावरचा आहे : २०२२ चा ‘मी वसंतराव’. सासरचे घर सोडून, तान्ह्या मुलाला घेऊन नागपूरला आलेली, कष्ट करून त्याला गाणे शिकवणारी आई त्यात दिसते. खाँसाहेबांच्या ज्या आवाजाला आपण वाहवा दिली, त्याच्या मागे एक परित्यक्ता उभी होती हे नागपूरकरांनाही पडद्यानेच आठवून दिले. तेव्हा चित्रपट बाईला पुसतोच असे नाही. कधी कधी पुसलेली बाई तो परत आणतो.

आता तिसऱ्या बाजूबद्दल, म्हणजे ‘हे आमचे नाहीच’ म्हणणाऱ्या मैत्रिणींबद्दल. शहरातले नाट्यगृह, रात्रीचा प्रयोग, तिकीट, परतीचे वाहन, घरच्यांची परवानगी, एवढे जुळल्याशिवाय बाई नाटकाला जात नाही. तोच चित्रपट दुपारी टीव्हीवर लागला तर ती भाजी निवडत पाहते. पोहोच हा स्त्रीप्रश्न आहे, त्याला नाके मुरडू नयेत. पण संगीत नाटक म्हणजे फक्त सभागृहातले, हेही खरे नाही. आपल्या पूर्व विदर्भात, वडसा देसाईगंजच्या आसपास, झाडीपट्टीची रंगभूमी दिवाळीनंतर रात्रभर जागते. मंडप टाकून, पेटी-तबल्यावर गाणी म्हणत नाटके होतात, आणि लेकरे मांडीवर घेऊन बायका पहाटेपर्यंत बसतात. तिथे काम करणाऱ्या कित्येक स्त्री कलावंत नागपूरहून जातात. जलशांनी आणि भीमगीतांनी गाण्यातून विचार वस्त्यांत नेला. आणि आपल्या चळवळीचे ‘मुलगी झाली हो’, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेले, १९८३ पासून गावोगाव झालेले, तेही गाण्यांचेच नाटक! त्याला नेपथ्य नव्हते, पण बघणारी बाई उठून बोलू लागायची. पडद्याशी असे बोलता येत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने एक नाटक आणि त्यावरचा चित्रपट घ्यावा. प्रयोग मिळाला नाही तर संहिता वाचावी, पदे ऐकावी. मग चार प्रश्न विचारावे. बाईला बोलायला, गायला किती वेळ मिळाला? निर्णय कोणी घेतला? दोष कोणावर गेला? आणि यात काम करणाऱ्या स्त्रियांना काय मिळाले? शेवटच्या प्रश्नासाठी झाडीपट्टीत जाणाऱ्या आपल्या कलावंत मैत्रिणींना बोलवू. एका रात्रीची बिदागी किती, पहाटे परतताना गाडीत कोण असते, कपडे बदलायला आडोसा आणि संडास आहे का, आजारी पडल्यास पैसे कापतात का, हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून काढू.

मतभेद राहतील, राहू द्यावेत. पण त्या मुस्लिम मैत्रिणीचा प्रश्न पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला असावा, अशी माझी विनंती आहे.